प्रॉक्सी की इंट्रोस्पेक्शन? ॲपच्या पोटातल्या मुखत्यारावर किती विसंबायचे

ठाण्यात घर विकत घेतलेल्या कुणालाही दोन कागद चांगले ठाऊक असतात. एक कुलमुखत्यारपत्र. मूळ मालक दुबईत किंवा न्यू जर्सीत, आणि सही करायला त्याचा मेहुणा दुय्यम निबंधक कार्यालयात हजर. दुसरा सर्च रिपोर्ट. वकील जुन्या नोंदी चाळतो, इंडेक्स टू काढतो आणि जागा कुणाच्या नावावर, तिच्यावर बोजा आहे का, ते लिहून देतो. पहिल्या कागदाच्या जोरावर दुसराच माणूस मालकाच्या वतीने व्यवहार करतो. दुसऱ्यात व्यवहार होतच नाही, फक्त वाचन होते.

सॉफ्टवेअरमध्येही हे दोन मार्ग आहेत. पहिल्याला म्हणतात रनटाइम प्रॉक्सी आणि दुसऱ्याला टाइप इंट्रोस्पेक्शन. माजिवडा नाक्यावरून रोज सकाळी पोखरण रोड, वागळे इस्टेट, घोडबंदर किंवा ऐरोलीकडे निघणाऱ्या आयटीवाल्यांच्या कोडमध्ये ही दोन्ही तंत्रे हमखास सापडतील. गंमत अशी की ती वापरणाऱ्याला अनेकदा त्याचा पत्ताही नसतो, कारण ती त्याने लिहिलेल्या ओळींत दिसत नाहीत. ती लायब्ररीच्या पोटात असतात. आणि पैसे कापले गेले पण पावती आली नाही, अशी तक्रार जेव्हा येते, तेव्हा त्यामागच्या संभाव्य कारणांपैकी एक या पोटातच दडलेले असते.

मुखत्यार कसा तयार होतो?

तुम्ही एक क्लास लिहिता. त्यात पैसे वळते करणारी एक मेथड आहे. प्रोग्रॅम सुरू झाल्यावर लायब्ररी मेमरीत त्याच नावाच्या मेथड असलेला आणखी एक ऑब्जेक्ट उभा करते आणि बाकीच्या कोडला तुमच्या ऑब्जेक्टऐवजी तोच देते. हा मधला ऑब्जेक्ट म्हणजे प्रॉक्सी. कॉल आधी त्याच्याकडे येतो. तो परवानगी तपासतो, नोंद करतो, डेटाबेसचा व्यवहार उघडतो आणि मग कॉल तुमच्या खऱ्या ऑब्जेक्टकडे पाठवतो. या प्रॉक्सीचा कोड कुठल्याही फाइलमध्ये सापडत नाही. तो जन्मतो रनटाइमला आणि प्रोग्रॅम बंद झाला की जातो.

जावामध्ये ही सोय जेडीके १.३ बरोबर २००० मध्ये अधिकृतपणे आली. २००४ मध्ये स्प्रिंग फ्रेमवर्कची पहिली आवृत्ती आली आणि तिने या तंत्रावर मोठा संसार उभारला. त्याआधी प्रत्येक मेथडमध्ये व्यवहार सुरू करा, चूक झाली तर मागे फिरवा, नाही तर पक्का करा, अशा दहा-बारा ओळी पुन्हा पुन्हा लिहाव्या लागत. पुढे मेथडच्या डोक्यावर '@ट्रान्झॅक्शनल' एवढे एकच ॲनोटेशन लिहिले की भागू लागले. ज्यांनी त्या दहा ओळी शंभर ठिकाणी लिहिल्या आहेत, त्यांना याचे मोल सांगायला नको.

आणि सर्च रिपोर्ट?

इंट्रोस्पेक्शनमध्ये प्रोग्रॅम एखाद्या ऑब्जेक्टला विचारतो: तू कोणत्या प्रकारचा? तुझ्यात कोणती फील्ड आहेत? कोणत्या मेथड? त्यांच्यावर काय लिहिले आहे? जावात हे १९९७ पासून, म्हणजे जेडीके १.१ पासून शक्य आहे. तुमच्या फोनवरचे ॲप सर्व्हरकडून आलेला मजकूर वाचून त्यातले नाव, रक्कम, तारीख योग्य रकान्यात भरते. ते काम बहुधा याच पद्धतीने होते. जॅक्सन किंवा जीसनसारखी लायब्ररी क्लासची रचना वाचते आणि नावाला नाव जुळवते. पायथनमध्ये २०१५ पासून टाइप हिंटची प्रमाणित पद्धत आली. आज फास्टएपीआय आणि पायडँटिक या लोकप्रिय लायब्ररी त्याच हिंट वाचून तपासणीचे नियम तयार करतात.

वॉचमनला न दिसणारा रस्ता

आता खरा मुद्दा. समजा, माजिवड्यातल्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलाने मेंटेनन्स भरण्यासाठी ॲप करून घेतले. सर्व्हरवरचा कोड जावात आहे. 'भरणा नोंदव' नावाची एक मेथड आहे. ती दोन कामे करते: सभासदाच्या वॉलेटमधून रक्कम वजा करते आणि पावती तयार करते. दोन्ही झाली तरच झाली, नाही तर एकही नाही. म्हणून तिच्यावर '@ट्रान्झॅक्शनल' लावले आहे. काही महिन्यांनी सोसायटीने मागणी केली की महिन्याच्या एक तारखेला सगळ्यांचे मेंटेनन्स आपोआप कापले जावे. नव्या मुलाने त्याच क्लासमध्ये 'सर्वांचा भरणा' अशी मेथड लिहिली. ती एकेका सभासदासाठी 'भरणा नोंदव'ला बोलावते. कोड कम्पाइल होतो. चाचणीच्या सर्व्हरवर चालतो. वाचणाऱ्याला त्यात काही वावगे दिसत नाही.

पण प्रॉक्सी हा गेटवरच्या वॉचमनसारखा असतो. बाहेरून येणाऱ्याची नोंद तो चोख करतो. बी विंगमधून ए विंगमध्ये जाणारा माणूस मात्र गेटवर येतच नाही, मग त्याची नोंद होणार कशी? 'सर्वांचा भरणा' आणि 'भरणा नोंदव' एकाच क्लासमध्ये राहतात. एकीने दुसरीला बोलावले की कॉल थेट खऱ्या ऑब्जेक्टच्या आतल्या आत जातो आणि प्रॉक्सी बाजूलाच राहतो. 'भरणा नोंदव'भोवती जो एकच व्यवहार उघडायला हवा होता तो उघडत नाही. रक्कम वजा होण्याची नोंद स्वतंत्रपणे पक्की होते. पावती करताना काही बिघडले तर मागे फिरवायला कुणी नसते.

हा स्प्रिंगमधला दोष नव्हे. त्यांच्या कागदपत्रांत ही मर्यादा स्वच्छ लिहिलेली आहे. खासगी मेथडवर लावलेले ॲनोटेशनही असेच निष्फळ ठरते. क्लास 'फायनल' असेल तर त्याचा उपवर्ग करून प्रॉक्सी बनवताच येत नाही. कोटलिनमध्ये तर क्लास मुळातच फायनल असतात, म्हणून ते उघडे करून देणारा वेगळा प्लगइन जोडावा लागतो. हल्लीचे एडिटर काही ठिकाणी पिवळी रेघ मारून इशाराही देतात. पण कम्पायलर गप्प असतो आणि प्रोग्रॅम कसलीही तक्रार न करता चालू राहतो.

इथेच प्रॉक्सीवरचा मुख्य आक्षेप आहे. ॲनोटेशन लिहिलेले दिसते, म्हणून संरक्षण आहे असे वाटते. जे नाही ते आहे असे वाटणे हे उघडे दार दिसण्यापेक्षा वाईट.

मग फक्त वाचणारी पद्धत सुरक्षित का?

तसेही नाही. मार्च २०२२ मध्ये जगभरच्या आयटी कंपन्यांची झोप उडवणारी 'स्प्रिंगफोरशेल' ही त्रुटी इंट्रोस्पेक्शनच्या बाजूची होती. लॉगफोरजेचा धक्का पचून जेमतेम तीन-चार महिने झाले होते.

झाले ते असे. वेबवरचा फॉर्म भरून आला की स्प्रिंग त्यातली नावे वाचते, ऑब्जेक्टमध्ये त्या नावाचे गुणधर्म शोधते आणि त्यात किंमत भरते. 'पत्ता.शहर' अशी टिंब देऊन आतली नावेही चालतात. अडचण अशी की जावातल्या प्रत्येक ऑब्जेक्टला 'क्लास' नावाचा एक गुणधर्म आपोआप असतो. त्यातून 'क्लासलोडर'पर्यंत पोहोचता येते, हे २०१० मध्येच उघडकीस आले होते आणि तो रस्ता स्प्रिंगने बंदही केला होता. पुढे २०१७ मध्ये जावा ९ आले. त्यात 'मॉड्यूल' ही नवी संकल्पना आली आणि 'क्लास.मॉड्यूल.क्लासलोडर' असा वळसा घालून तीच जागा गाठता येऊ लागली. पाच वर्षे हे दार कुणाच्या फारसे लक्षात आले नाही. टॉमकॅट सर्व्हरवर विशिष्ट पद्धतीने बसवलेल्या ॲप्समध्ये या वाटेने लॉगची सेटिंग बदलून सर्व्हरवर हवी ती फाइल लिहिता येत होती. ३१ मार्च २०२२ रोजी स्प्रिंगने ५.३.१८ आणि ५.२.२० या दुरुस्त आवृत्त्या काढल्या.

सोसायटीच्या ऑफिसात असा एखादा कारकून कल्पून पाहा. अर्जदाराने छापील अर्जावर स्वतःच्या हाताने 'सोसायटीच्या बँक खात्याचा पासवर्ड' असा नवा रकाना आखला, तरी तो निमूटपणे नोंदवहीत तसा बदल करून टाकतो. इथे कारकुनाचे वाचणे चुकीचे नाही. चूक ही, की काय वाचायचे आणि कुठे लिहायचे ते बाहेरचा माणूस ठरवतो आहे.

म्हणून इंट्रोस्पेक्शनमध्येही दोन जाती करायला हव्यात. प्रोग्रॅम सुरू होताना किंवा त्याही आधी, बिल्डच्या वेळी, आपल्याच कोडची रचना वाचणे ही एक. चालू असताना परक्या माणसाने पाठवलेल्या नावांवरून आपल्या ऑब्जेक्टमध्ये हात घालणे ही दुसरी. पहिलीत काही बिघडले तर प्रोग्रॅम उभाच राहत नाही, म्हणजे चूक ऑफिसातच कळते. दुसरीतली चूक ग्राहकाच्या, किंवा चोराच्या, हातात पडते. प्रॉक्सी आणि इंट्रोस्पेक्शन यांची तुलना करताना हा फरक सहसा विसरला जातो आणि 'रिफ्लेक्शन वाईट' किंवा 'प्रॉक्सी म्हणजे जादू' अशी सरसकट विधाने ऐकू येतात. त्यांतून हाती काही लागत नाही.

दोघे समोरासमोर आले की

सर्च रिपोर्ट करायला गेलेल्या वकिलाने मूळ मालकाऐवजी मुखत्यारालाच मालक समजून त्याचीच माहिती लिहून आणली तर? सॉफ्टवेअरमध्ये हे रोज घडते.

हायबरनेट ही डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी गरज पडेपर्यंत माहिती आणत नाही. तोवर त्या जागी एक प्रॉक्सी ठेवते. हाच ऑब्जेक्ट जॅक्सनकडे दिला की जॅक्सन इंट्रोस्पेक्शन करते आणि तिला सभासदाचे नाव व फ्लॅट नंबर यांच्याबरोबर 'हायबरनेटलेझीइनिशियलायझर' नावाचे भलतेच फील्ड सापडते. ते प्रॉक्सीचे स्वतःचे आतडे असते. जॅक्सन तिथे अडते आणि लांबलचक एरर फेकते. जावात वर्ष-दोन वर्षे काम केलेल्याने हे नाव पाहिलेले नाही असे होणे कठीण. बहुतेक जण इंटरनेटवरून एक ओळीचा उतारा चिकटवतात, ते फील्ड दुर्लक्षित करायला सांगतात आणि पुढे जातात. समोर खरा सभासद आहे की त्याचा मुखत्यार, हा प्रश्न तसाच राहतो. पायथनच्या जँगोमध्येही हाच लपंडाव आहे. लॉगिन केलेल्या व्यक्तीचा ऑब्जेक्ट तिथे 'सिंपललेझीऑब्जेक्ट' असतो. 'तू यूजर आहेस का?' असे विचारले तर तो होकार देतो. 'तुझा प्रकार काय?' असे विचारले तर मात्र वेगळेच नाव सांगतो.

या दोघांना एकत्र नांदवण्याचा सर्वांत शहाणा नमुना पायथनच्याच चाचण्यांच्या लायब्ररीत सापडतो. 'युनिटटेस्ट.मॉक' ही लायब्ररी २०१२ मध्ये पायथन ३.३ बरोबर आली. तिच्यातला मॉक ऑब्जेक्ट हा टोकाचा होयबा प्रॉक्सी आहे. नसलेली मेथड बोलावली तरी तो 'हो, झाले' म्हणतो. त्यामुळे चाचणीत 'असर्ट' लिहिताना स्पेलिंग चुकले तरी चाचणी हिरवीच राही, कारण चुकलेले नावही मॉक मुकाट्याने मान्य करी. अखेर २०१५ च्या पायथन ३.५ मध्ये खास नियम घालावा लागला: मॉकवर 'असर्ट'ने सुरू होणारे अनोळखी नाव दिसले, किंवा घाईत टाइप होणारे 'एएसएसआरईटी' असे उलटसुलट स्पेलिंग दिसले, तर चूक दाखवायची. एका प्रतिष्ठित भाषेच्या अधिकृत लायब्ररीत टायपिंगच्या चुकीसाठी नियम लिहावा लागतो, यावरून होयबा प्रॉक्सीचे दुखणे किती जुने आहे ते कळावे.

त्याच लायब्ररीत खरा उपायही आहे. त्याचे नाव 'ऑटोस्पेक'. तो आधी खऱ्या क्लासचे इंट्रोस्पेक्शन करतो आणि मगच मॉक तयार करतो. खऱ्यात जी मेथड नाही ती मॉकमध्येही नसते. म्हणजे आधी सर्च रिपोर्ट, मग त्याच्या हद्दीतले मुखत्यारपत्र. हा क्रम चाचण्यांपुरता मर्यादित का असावा, हा प्रश्न लायब्ररी लिहिणाऱ्यांना विचारायला हवा.

प्रॉक्सीशिवाय भागत नाही ते कुठे?

काही ठिकाणी प्रॉक्सी हाच बरोबर पर्याय आहे, हेही मान्य करावे लागेल. वेबसाइट बांधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या व्ह्यू या फ्रेमवर्कची दुसरी आवृत्ती ऑब्जेक्टमधले गुणधर्म सुरुवातीला एकदा मोजून घेई आणि प्रत्येकावर पाळत बसवी. नंतर एखादा नवा गुणधर्म जोडला तर तिला तो दिसतच नसे. स्क्रीन जुनीच राही आणि प्रोग्रॅमर डोके खाजवत बसे. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने जावास्क्रिप्टचा प्रॉक्सी स्वीकारला आणि ही अडचण संपली. किंमत म्हणून इंटरनेट एक्स्प्लोरर ११ सोडून द्यावा लागला, कारण जुन्या ब्राउझरमध्ये प्रॉक्सीची नक्कल करता येत नाही.

अँड्रॉइडवरची रेट्रोफिट ही दुसरी चांगली बाजू. सर्व्हरशी कसे बोलायचे ते तुम्ही फक्त इंटरफेस म्हणून लिहिता, बाकी काम प्रॉक्सी करतो. तिथे फसगत होत नाही, कारण इंटरफेसमागे खरा ऑब्जेक्ट नसतोच. 'आतल्या आत' जाणारा रस्ताच नाही. पलीकडे नेटवर्क आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असते.

तुमच्या फोनवरच्या ॲपचे काय?

प्ले स्टोअरवर जाणारे ॲप लहान व्हावे म्हणून आर८ हे साधन वापरले जाते. ते क्लास आणि फील्डची लांब नावे 'ए', 'बी' अशी आखूड करते. ऑफिसात तपासलेल्या आवृत्तीत नावे शाबूत असतात. तुमच्या फोनवर पोहोचलेल्या आवृत्तीत नसतात. जीसन मात्र रनटाइमला फील्डची नावे वाचून सर्व्हरच्या मजकुराशी जुळवायला बसते. नावे बदललेली, त्यामुळे जुळणी होत नाही आणि रकाने रिकामे राहतात. टेस्टरकडे चालणारे ॲप ग्राहकाकडे बंद पडते, त्यामागे अनेकदा एवढेच कारण असते. कोणती नावे बदलू नयेत हे आर८ ला सांगता येते. पण ते सांगायचे राहून गेले तर कम्पायलर आठवण करत नाही.

अँड्रॉइडच्या जगाने यावर काढलेला मार्ग लक्षात घेण्यासारखा आहे. डॅगर, मोशी, कोटलिनची स्वतःची सीरियलायझेशन लायब्ररी यांनी वाचनाचे काम बिल्डच्या वेळेवर ढकलले. ॲप तयार होत असतानाच रचना वाचायची आणि साधा, नेहमीसारखा कोड लिहून ठेवायचा. रनटाइमला शोधाशोध नाही आणि मुखत्यारही नाही. डॅगर आणि मोशी जे लिहितात ते फाइल उघडून वाचता येते. चूक असेल तर बिल्डच अडते.

सर्व्हरच्या बाजूलाही वारे त्याच दिशेने आहे. २०१८ मध्ये मायक्रोनॉट आणि त्यापाठोपाठ २०१९ मध्ये क्वार्कस यांनी हाच पवित्रा घेतला. ग्रालव्हीएम जावा प्रोग्रॅमचे थेट मशीन कोडमध्ये रूपांतर करते. रनटाइमला कशाचे इंट्रोस्पेक्शन होणार आणि कोणते प्रॉक्सी बनणार, याची यादी त्याला आधीच लागते. यादीत नसेल ते चालत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूट ३ नेही या पद्धतीला अधिकृत पाठिंबा दिला. ज्या फ्रेमवर्कने प्रॉक्सी घराघरांत पोहोचवला, त्यालाच आता मुखत्यारांची यादी आधी सादर करावी लागते आहे.

कौल कुणाला?

नव्या लायब्ररीसाठी निवड करायची असेल तर बिल्डच्या किंवा सुरुवातीच्या वेळी होणाऱ्या वाचनाला पहिली पसंती द्यावी. प्रॉक्सी राखून ठेवावा तो खऱ्या सीमेसाठी: नेटवर्कच्या पलीकडे, स्क्रीन आणि डेटाच्या मध्ये, चाचणीत. पैशाचा व्यवहार जिथे पूर्ण किंवा रद्द व्हायचा असतो, तिथे चार ओळी जास्त लिहाव्या लागल्या तरी व्यवहार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कोडमध्ये डोळ्यांना दिसलेच पाहिजे. स्प्रिंगमध्येच 'ट्रान्झॅक्शन टेम्प्लेट' नावाची तशी सोय आहे. ती जुनी आणि कंटाळवाणी वाटते, म्हणून क्लासमध्ये तिला पाच मिनिटेही दिली जात नाहीत.

याला उत्तर म्हणून सांगितले जाते की अनुभवी माणसाला प्रॉक्सीचे खाचखळगे माहीत असतात. असतीलही. पण ठाणे-डोंबिवलीतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांना कोचिंग क्लासमध्ये ॲनोटेशनची यादी पाठ करून घेतली जाते आणि इंटरव्ह्यूतही व्याख्याच विचारली जाते. प्रॉडक्शनच्या कोडला हात याच मुलांचा लागतो. रात्री दोन वाजता फोनही त्यांनाच येतो.

त्यांच्यासाठी एक सोपी तपासणी. डीबगर '@ट्रान्झॅक्शनल' मेथडच्या आत थांबवा आणि कॉल कुठून कुठून आला ती उतरंड पाहा. आपल्या दोन मेथडच्या मध्ये 'ट्रान्झॅक्शन इंटरसेप्टर' असे नाव दिसले तर कॉल गेटवरून आला आहे. दोन्ही मेथड एकमेकींना चिकटून असतील तर वॉचमनला काहीच कळलेले नाही. मग ती मेथड वेगळ्या क्लासमध्ये हलवा आणि पावती करताना मुद्दाम चूक घडवून पाहा. वजा झालेली रक्कम वॉलेटमध्ये परत आली की नाही, ते डेटाबेस उघडून बघा.